हवेची वाट : कॉम्प्युटरच्या वेगामागची उष्णतेची गोष्ट

 

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो: "डेस्कटॉप ओव्हरक्लॉक करायचा आहे, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा आहे. प्रोसेसर कितीपर्यंत नेऊ?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं. आकडा नंतर विचारा, आधी डब्यात हवा कुठून येते आणि कुठून जाते ते बघा. हे उत्तर ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. पण त्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि आमच्या घरातला एक छोटा अपघातही आहे. सुरुवात अपघातापासून करतो.

माझे मामा इंदूरला राहायचे. त्यांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल असं काम चालायचं. १९९९ साली त्यांनी असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. प्रोसेसर इंटेलचा सेलेरॉन ३००ए. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर एका बदलाने ४५० वर चालतो. डिसेंबरच्या सुट्टीत गेलो, रात्री दुकान बंद झाल्यावर तो बदल केला आणि तासभर चालवून बघितला. मशीन सुसाट. मामा खूश, मी त्याहून खूश.

मे महिन्यात मामांचा फोन आला. लग्नसराई ऐन रंगात, आणि मशीन रोज दुपारी दोनच्या सुमाराला अडकून बसायचं. माउस हलायचा नाही, बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं, आणि सेव्ह न केलेली पत्रिका गेली ती गेलीच. एका घरच्या पत्रिका वेळेवर झाल्या नाहीत. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. मामा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अरे, सकाळी शहाण्यासारखं चालतं, दुपारी याला ताप चढतो."

मामांचं निदान अचूक होतं. ते का अचूक होतं, हे समजायला थोडं मागे जाऊ.

खोलीएवढं यंत्र आणि त्याची उष्णता

कॉम्प्युटर जी वीज घेतो, त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. मिक्सरमध्ये निदान चटणी वाटून होते. कॉम्प्युटरमधून जे बाहेर पडतं ते उत्तर असतं, आणि उत्तराला वजन नसतं. म्हणजे ३०० वॅट वीज खाणारा कॉम्प्युटर, खोलीच्या दृष्टीने बघायचं तर ३०० वॅटचा हीटर असतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक नावाचं यंत्र उभं राहिलं आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगाला दाखवलं गेलं. त्यात साधारण १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आपल्याकडे जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह, तेच. प्रत्येक व्हॉल्व्हच्या आत एक तार तापलेली ठेवावी लागे. सगळं मिळून वीज लागायची सुमारे १५० किलोवॅट. अंघोळीच्या पाण्यात सोडतो ते दीड किलोवॅटचे इमर्शन रॉड आठवा. तसे शंभर रॉड एका दालनात एकदम चालू, असं चित्र डोळ्यासमोर आणा. त्यामुळे गणिताच्या यंत्राइतकाच विचार ती उष्णता बाहेर काढणाऱ्या पंख्यांचा करावा लागला होता. तापमान ठरावीक हद्दीपलीकडे गेलं तर वीज तोडण्याचीही सोय होती.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. एनिअ‍ॅकपेक्षा खूप लहान, पण प्रश्न तोच. व्हॉल्व्ह म्हटला की उष्णता आली, आणि तिला बाहेरची वाट दाखवणं आलं.

मग ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, आणि वाटलं की आता ही कटकट संपली. संपली नाही, दाटली. यंत्र लहान झालं, पण तेवढ्याच जागेत जास्त भाग बसू लागले. १९७६ साली सीमोर क्रे यांचा क्रे-१ हा सुपरकॉम्प्युटर आला. घड्याळाचा वेग ८० मेगाहर्ट्झ, वीज सुमारे ११५ किलोवॅट. पंख्याची हवा तिथे पुरेना. म्हणून फ्रिजमध्ये फिरायचा तो फ्रिऑन त्याच्या सांगाड्यातून नळ्यांनी फिरवला. आणि अडचण कुठे आली? गणितात नाही. फ्रिऑनमध्ये मिसळलेलं वंगण तेल जोडांमधून झिरपायचं, सर्किटांवर त्याचा थर बसायचा आणि शॉर्ट सर्किट व्हायचं. पहिलं यंत्र त्यामुळे काही महिने लांबलं. जगातलं सर्वात वेगवान गणिती यंत्र तयार होतं, आणि त्याला थंड ठेवणाऱ्या नळ्यांनी अडवून धरलं होतं.

हा एक नमुना लक्षात ठेवा. वेग वाढवणारे पुढे जातात, आणि उष्णता काढणारे मागे राहिले की सगळ्यांनाच थांबावं लागतं. पुढच्या चाळीस वर्षांत घराघरातल्या डेस्कटॉपने हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवला.

डोक्यावर पंखा नसलेले दिवस

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे त्याचं घड्याळ सेकंदाला सत्तेचाळीस लाख सत्तर हजार वेळा टिकटिक करायचं. त्या प्रोसेसरवर पंखा नव्हता, साधा धातूचा हीटसिंकही नव्हता. गरजच नव्हती, कारण तो जेमतेम दोनेक वॅट वीज घ्यायचा. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता, जुन्या पिवळ्या बल्बएवढा. डब्यात एकच पंखा, तोही वीजपुरवठ्याच्या पेटीत, जिला आपल्याकडचे दुकानदार एसएमपीएस म्हणतात. तो डब्यातली गरम हवा मागून बाहेर फेकायचा, पुढच्या फटींतून ताजी हवा आपोआप आत यायची.

वेग वाढवायचा मोहही तेव्हाचाच. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला. त्याचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि हा वेग मदरबोर्डवरच्या एका क्वार्ट्झ क्रिस्टलवरून ठरायचा. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा, त्याचे दोन भाग करून ६. लोकांनी तो काढून १६चा बसवला आणि प्रोसेसर ८वर चालवला. थोड्या पैशांत तिसऱ्या हिश्श्याने जास्त वेग. आयबीएमला हे आवडलं नाही. नंतरच्या यंत्रांच्या बायॉसमध्ये त्यांनी अशी तपासणी घातली की वेग ठरल्यापेक्षा जास्त दिसला तर मशीन सुरूच होऊ नये. ओव्हरक्लॉक करणारे आणि कंपन्या यांच्यातली रस्सीखेच इथून दिसू लागते.

त्या काळात हे खपून गेलं, कारण उष्णता थोडी होती. १९८९ साली ४८६ आला, त्याच्या वेगवान आवृत्त्यांवर हीटसिंक दिसू लागले. मार्च १९९३ मध्ये पेंटियम आला. ३१ लाख ट्रान्झिस्टर, वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, आणि वीज १५ वॅटच्या आसपास. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण बारा वर्षांत दोन वॅटचे पंधरा झाले होते. प्रोसेसरच्या डोक्यावर आता हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा बसला.

इथे एक गैरसमज जन्माला आला, तो अजून जिवंत आहे. लोकांना वाटलं, प्रोसेसरवर पंखा आहे म्हणजे काम झालं. पण तो पंखा उष्णता घालवत नाही, फक्त प्रोसेसरवरून उचलून डब्यातल्या हवेत सोडतो. ती हवा डब्यातच फिरत राहिली, तर थोड्या वेळाने तोच पंखा तीच गरम हवा पुन्हा प्रोसेसरवर मारतो. खोलीतला केर झाडून कोपऱ्यात लोटला म्हणजे घर स्वच्छ झालं असं होत नाही, तसंच हे.

पंख्याची उलटी दिशा

१९९५ साली इंटेलने मदरबोर्ड, डबा आणि एसएमपीएस यांची नवी मांडणी जाहीर केली. तिचं नाव एटीएक्स. तुमच्या टेबलाखालचा डबा आजही बहुधा याच घराण्यातला आहे. या मांडणीच्या पहिल्या आराखड्यातली एक गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही. त्यात एसएमपीएसच्या पंख्याची दिशा उलटी होती. तो बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडेल, असं ठरलं होतं. कल्पना हुशारीची होती. एकाच पंख्यात दोन कामं होतील, आणि आतला दाब थोडा जास्त राहिल्यामुळे फटींतून धूळही कमी शिरेल.

पण ती हवा एसएमपीएसमधून जाताना तापायची. म्हणजे प्रोसेसरला मिळायची ती आधीच गरम झालेली हवा. प्रोसेसर जसजसे जास्त वीज खाऊ लागले तसतशी ही सोय अंगाशी येऊ लागली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये दिशा बदलली, एसएमपीएसचा पंखा पुन्हा हवा बाहेर फेकू लागला.

यातून शिकायचं ते एवढंच. पंखा तोच, वेग तोच, वीज तीच. फक्त हवा आधी कुणाला भेटते आणि नंतर कुणाला, एवढ्याने फरक पडला. पंखे किती हा पुढचा प्रश्न, वाट कुठून कुठे हा पहिला.

सेलेरॉनचं वर्ष

आता मामांच्या प्रोसेसरकडे येऊ. सेलेरॉन ३००ए ऑगस्ट १९९८ मध्ये आला. त्याचा वेग ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणून ठरायचा. हा साडेचारचा गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकणाऱ्या भामट्यांना आळा बसावा, हेही त्यामागचं एक कारण होतं. पण बसचा वेग मदरबोर्डवरून बदलता यायचा. ६६च्या जागी १०० केले की साडेचारपट म्हणजे ४५०. चिपच्या आतच १२८ किलोबाइटची कॅश होती, ती पूर्ण वेगाने चालायची, त्यामुळे स्वस्तातला हा प्रोसेसर कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या पंगतीला जाऊन बसायचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठल्याही बाजारातून पार्ट आणून घरी मशीन जोडणाऱ्या पोरांसाठी ही पर्वणीच होती.

आता हिशेब बघा. चिपमध्ये होणारी उष्णता दोन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते. घड्याळाचा वेग, आणि व्होल्टेजचा वर्ग. वेग दीडपट केला तर व्होल्टेजला हात न लावताही उष्णता जवळपास दीडपट होते. आणि जास्त वेगाला मशीन टिकत नाही म्हणून व्होल्टेज वाढवलं, तर ती आणखी झपाट्याने वाढते. समजा व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं आणि वेग फक्त १० टक्के वाढवला, तर उष्णता सुमारे ३९ टक्क्यांनी वाढते. दहा टक्के वेगाला एकोणचाळीस टक्के ताप. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करायचा असतो.

मी तो डोळे मिटून केला होता. डिसेंबरच्या रात्री इंदूरच्या दुकानात २० अंशाच्या आसपास तापमान असेल. मेच्या दुपारी तिथेच ४०. वीस अंशांचा फरक सरळ प्रोसेसरच्या तापमानात जाऊन बसला, कारण हवेवर चालणारा कुठलाही हीटसिंक प्रोसेसरला त्याला मिळणाऱ्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आजही परदेशातल्या चाचण्यांचे व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवा. त्यांची खोली बहुतेक वेळा २०-२२ अंशांची असते. नागपूरच्या, रायपूरच्या किंवा अहमदाबादच्या मेमध्ये त्यांच्या आकड्यात पंधरा-वीस अंश मिळवावे लागतात.

आणि दुसरी चूक टेबलाची. आपल्याकडे मिळणारी ती कॉम्प्युटरची टेबलं आठवतात? खाली डबा ठेवायला एक कप्पा, दोन्ही बाजूंनी आणि मागून प्लायवुड, पुढे काचेचं दार. आपण त्या डब्यालाच सीपीयू म्हणायचो आणि धूळ बसू नये म्हणून जपून कपाटात ठेवायचो. मागच्या प्लायवुडला वायरी जाण्यापुरतं भोक. म्हणजे डबा जी गरम हवा मागून फेकायचा, ती प्लायवुडला धडकून पुढे यायची आणि पुढच्या फटींतून पुन्हा डब्यात शिरायची. मामांचं मशीन दुपारभर स्वतःचाच उच्छ्वास आत घेत होतं.

मी जूनमध्ये गेलो तेव्हा पहिल्यांदा वेग पुन्हा ३०० वर आणला. मग मामांनी सुताराला बोलावून टेबलाचं मागचं प्लायवुड पूर्ण कापून काढलं. पुढचं काचेचं दार निघालं. डब्यात हार्ड डिस्कच्या त्या रुंद, चपट्या केबल पडद्यासारख्या आडव्या लोंबत होत्या, त्या दुमडून कडेला बांधल्या. मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा एक पंखा बसवला, हवा बाहेर फेकणारा. हीटसिंकच्या पात्यांमधून कापसासारखी धूळ निघाली. हे सगळं झाल्यावर मशीन दुपारीही बिनतक्रार चाललं. पण मी ४५०चं नाव पुन्हा काढलं नाही. ज्या यंत्रावर दुसऱ्याचं पोट चालतं, त्यावर आपली हौस भागवायची नसते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

वेगाला लागलेला ब्रेक

२००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू असलेल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक त्यांनी काढून घेतला. एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणात धुरासकट जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र हळू झाला आणि चालत राहिला, कारण तापमान वाढलं की वेग कमी करण्याची सोय त्याच्या आतच होती. त्यानंतर अशी सोय सगळीकडेच रूढ झाली, आणि आज हीटसिंक सैल झाला म्हणून प्रोसेसर सहसा जळत नाही. पण यातून एक नवी फसगत सुरू झाली. पूर्वी उष्णता झाली की मशीन बंद पडून ओरडायचं. आता ते गुपचूप हळू होतं. तुम्ही ओव्हरक्लॉक करून खूश, आणि प्रोसेसर दहा मिनिटांनी तापून मूळ वेगापेक्षाही खाली आलेला, असं सर्रास होतं.

उष्णतेने अख्ख्या उद्योगाला थांबवलं ते २००४ साली. तोपर्यंत एक सुखाचा नियम चालत आला होता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. पण ट्रान्झिस्टर फारच लहान झाल्यावर बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या पेंटियम ४च्या प्रेस्कॉट या अवताराच्या वरच्या आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत गेल्या. त्याच वर्षी इंटेलने पुढचा टेजास हा प्रकल्प गुंडाळला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघ्यावर बसून त्याबद्दल माफी मागितली. वेगाच्या शर्यतीत सर्वात पुढे असलेली कंपनी उष्णतेपुढे गुडघे टेकते, हे दृश्य मला या सगळ्या इतिहासाचं सार वाटतं.

उष्णतेवर उपाय म्हणून इंटेलने २००३ मध्येच बीटीएक्स नावाची नवी मांडणी मांडली होती. एटीएक्समध्ये हवेची वाट वाकडीतिकडी होती. बीटीएक्समध्ये समोर मोठा पंखा, त्याच्या लगेच मागे बोगद्यासारख्या आवरणात प्रोसेसर, मग बाकीचे भाग, आणि मागून बाहेर. वाड्यात समोरासमोर खिडक्या असतात तशी सरळ वाट. कल्पना चांगली होती, पण डब्यापासून मदरबोर्डपर्यंत सगळंच बदलावं लागणार होतं. तेवढ्यात, २००६ मध्ये, ६५ वॅटचा कोअर २ ड्युओ आला आणि निकड संपली. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्सचा नाद सोडला.

बीटीएक्स गेला, पण त्याचा विचार उरला. एटीएक्सच्या डब्यांतच पुढून आत, मागून बाहेर अशी सरळ वाट रुजली. ८० मिलिमीटरच्या पंख्यांच्या जागी १२०चे आले. त्यांचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, त्यामुळे सावकाश फिरून, कमी आवाजात तेवढीच हवा हलते. अँटेकच्या २००५च्या पी१८० सारख्या डब्यांनी एसएमपीएस तळाशी नेला, म्हणजे त्याचा प्रोसेसरच्या हवेशी संबंध कमी झाला. मग शोभेचा जमाना आला. पुढच्या बाजूला अखंड काच, आत रंगीबेरंगी दिवे, आणि पंख्यांना हवा घ्यायला कडेची बोटभर फट. थोड्याच वर्षांत लोकांना आकडे दिसले आणि जाळीचे डबे पुन्हा बाजारात आले. मामांच्या टेबलाचं काचेचं दार आठवलं ना?

आज वेग वाढवण्याआधी

आजच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरचा आकडा ऐका. २०२२ सालचा इंटेल कोअर आय९-१३९००के कंपनीच्याच हिशेबाने २५३ वॅटपर्यंत जातो. त्याच वर्षी आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर भरपूर काम असेल तर ९५ अंशांपर्यंत जायला मोकळे ठेवलेले आहेत. आजचे प्रोसेसर थंडावा शिल्लक आहे असं दिसलं की स्वतःच वेग वाढवतात, आणि तापले की स्वतःच कमी करतात. म्हणजे हवेची वाट नीट केली, तर ओव्हरक्लॉकच्या सेटिंगला हात न लावताही वेग मिळू शकतो. मामांच्या काळी हे नव्हतं.

आता हिशेब डब्याच्या हवेचा. समजा आत एकूण ३०० वॅट उष्णता होते, आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा फक्त १० अंश गरम असावी अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी सेकंदाला साधारण २५ लिटर हवा डब्यातून आरपार गेली पाहिजे. म्हणजे दर सेकंदाला पाण्याचा एक मोठा जार भरेल त्याहून जास्त. निम्मी हवा गेली, तर फरक १० ऐवजी २० अंश. तेवढे अंश प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, सगळ्यांच्या डोक्यावर बसतात.

म्हणून वेग वाढवण्याआधी मी जे करतो ते क्रमाने सांगतो.

पहिलं, मोजा. मूळ सेटिंगवर, भर दुपारी, खोलीचं तापमान लिहून ठेवून, अर्धा तास जड काम देऊन प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान नोंदवा. रात्रीची चाचणी म्हणजे माझी डिसेंबरची चाचणी.

दुसरं, डब्याच्या बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान बरंच खाली आलं, तर समजा की डबा घुसमटतो आहे, दोष प्रोसेसरच्या कूलरचा नाही. फारसा फरक नाही पडला, तर कूलर, थर्मल पेस्ट किंवा तो कसा बसवला आहे हे बघा. झाकण कायमचं काढून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. वाट मोडते, हवा सैरावैरा होते आणि धूळ दुप्पट येते.

तिसरं, मशीन बंद करून, प्लग काढून स्वच्छ करा. धूळ उडवताना पंखे बोटाने धरून ठेवा, म्हणजे ते वेडेवाकडे फिरणार नाहीत. कूलर उतरवलात तर जुनी पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते.

चौथं, दिशा तपासा. पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात, हवा बहुधा त्या बाजूने बाहेर पडते. खात्री नसेल तर कागदाची पट्टी धरून बघा. गरम हवा वर जाते हे खरं, पण पंख्याच्या रेट्यापुढे ती ओढ अगदी लहान असते. म्हणून एकमेकांविरुद्ध ढकलणारे पंखे ठेवू नका.

पाचवं, आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा किंचित जास्त ठेवा आणि आतल्या पंख्यांपुढे जाळी लावा. मग हवा जाळीतूनच येते, फटींतून धूळ शिरत नाही. आपल्या गावांत हे फार महत्त्वाचं. पण ती जाळी महिन्या-दीड महिन्याने धुवा, नाहीतर तीच भिंत होते.

सहावं, डब्याची जागा. मागे भिंतीपासून वीतभर अंतर, खाली गालिचा नाही, वरून कापड नाही, आणि कपाट तर नाहीच.

हे सगळं करून पुन्हा मोजा. किती अंश मिळाले ते वहीत लिहा. तेवढीच तुमची शिल्लक. आता वेग वाढवायचा तर लहान पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला दुपारची चाचणी, आणि व्होल्टेजला हात सर्वात शेवटी. त्यात वॉरंटी जाऊ शकते आणि चिपचं आयुष्यही कमी होतं. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे बिघडत असल्याचं कंपनीनेच सांगितलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. तिथे तर कुणी ओव्हरक्लॉकही केलेलं नव्हतं.

आणि शेवटचा मुद्दा. ज्या मशीनवर घरातल्या कुणाचा तरी व्यवसाय, थिसिस, हिशेब किंवा परीक्षा अवलंबून आहे, त्यावर फक्त पहिल्या सहा गोष्टी करा. हवेची वाट केल्याने कुणाचं नुकसान होत नाही. वेग वाढवल्याने कधी कधी होतं, आणि ते आपलं नसतं, दुसऱ्याचं असतं.

मामांचं ते टेबल अजून इंदूरच्या घरात आहे. त्यावर आता देवघर आहे, आणि मागची बाजू अजूनही उघडीच आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत तुमच्या डब्याच्या मागे एकदा हात धरून बघा. नमस्कार.